कोरडा थर्मास

आई जाऊन पाचवा आठवडा लागला तेव्हा मी फ्रीज आवरायला घेतला. खालच्या खणात, भोपळ्याच्या मुरंब्याच्या बरणीमागे, काचेची एक वाटी होती. वर उपडी बशी, बशीला दोन रबरबँड. आत तळाशी काळा, डांबरासारखा थर. मी बशी जराशी उचलली, वास आला, आणि बशी पुन्हा ठेवून दिली. त्या वासाला सरावायला मला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात मी मुरंब्याची बरणी दोनदा पुसली.

ते गांजाचं तेल होतं. त्यात दचकण्यासारखं काही नाही. आईच्या परसात सहा झाडं होती, सरकारदरबारी तिच्या नावावर रीतसर नोंदवलेली. दर एप्रिलला ती फुलं काढायची, त्यांचा घट्ट अर्क करायची आणि तो थोडाथोडा ऑलिव्हच्या तेलात मिसळून धाकट्या बहिणीला द्यायची. ही ओदिलामावशी मेलोला राहते, आमच्या मोन्तेविदेओपासून चारशे किलोमीटरवर. तिचे हात सात वर्षांपासून कापतात. रात्री जिभेखाली थेंब घेतले की तिला झोप लागते आणि दुसऱ्या दिवशी कप ओठांपर्यंत पोचेतो त्यात पिण्याजोगं काही उरतं. थेंब नसले की झोप नाही, आणि झोप नसली की हात असे हलतात की ती समोरच्याला आधीच सांगून ठेवते, "मी टाटा करत नाहीये हं."

त्याच दुपारी तिचा फोन आला.

"इरिस, पोरी, घाई नाही. नुसतं विचारते. माझ्या बाटलीत नऊ दिवसांचं उरलंय."

"इथे आहे," मी म्हणाले. "वाटीत आहे."

"निबियानं केलेलं?"

"आईनंच."

मग मावशी म्हणाली, "जपून आण हो. ते परत होणार नाही."

मी एका शाळेचं ग्रंथालय सव्वीस वर्षं सांभाळते आहे. एका जागेची वस्तू न सांडता, न फाटता दुसऱ्या जागी पोचवणं हाच माझा व्यवसाय. तेव्हा मला वाटलं, काम किरकोळ आहे. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात काढायचं आणि मेलोला न्यायचं. माणसाला असं वाटतं तेव्हा त्याला कुणीतरी खुर्चीवर बसवून ठेवायला हवं.

मला बसवून ठेवणारी व्यक्ती पाच आठवड्यांपूर्वी गेली होती, म्हणून मी भिंतीपलीकडच्या दोन्या झुल्माला विचारलं. दोन्या झुल्माच्या मते जगातला कुठलाही पदार्थ आइस्क्रीमच्या डब्यात राहतो. हे मत तिच्या एकटीचं नाही. आमच्याकडे कुणाचाही फ्रीझर उघडा, आइस्क्रीमचे सहा डबे निघतील आणि आइस्क्रीम एकाही डब्यात नसेल.

"हा घे," ती भिंतीवरून म्हणाली. "झाकण असं बसतं की काय सांगू! माझा डाळीचा रस्सा यातून सीमेपलीकडे ब्राझीलपर्यंत गेलाय. थेंब सांडला नाही."

"हे रश्श्यासारखं नाहीये, दोन्या झुल्मा. चिकट आहे."

"चिकट म्हणजे चांगलंच की. सांडायचा प्रश्नच नाही."

युक्तिवादात मला चूक काढता आली नाही. मी सावधगिरी म्हणून एकच चमचा डब्यात काढून पाहिला. दुसऱ्या दिवशी तो डब्यातून निघेना. सुरीनं खरवडला, उलथन्यानं खरवडला, शेवटी जे निघालं त्याला व्हॅनिलाचा वास होता आणि सोबत प्लास्टिकचे तुकडे होते. मी ते फेकून दिलं आणि मग फोनशेजारच्या कागदावर लिहिलं: मावशीचे अकरा दिवस. तिथून पुढे मी नुकसान त्याच मापानं मोजायला लागले. ही चूक होती. चमच्यांत मोजलं असतं तर झोप लागली असती.

दुसऱ्या बाजूच्या घरात एल्बिओ राहतात. त्यांनी अडतीस वर्षं औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभं राहून काढली आणि निवृत्त झाल्यापासून ते सगळ्यांशी चिठ्ठी लिहून दिल्यासारखं बोलतात. आइस्क्रीमच्या डब्याची बातमी ऐकून ते चपला न घालताच आले.

"प्लास्टिक!" ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, म्हणजे दोन्या झुल्माला ऐकू जावं. "इरिस, नीट ऐका. अर्काचे शत्रू तीन. प्रकाश, हवा, उष्णता."

"आणि चौथा एल्बिओ," भिंतीपलीकडून आवाज आला.

"तपकिरी काचेची बाटली," एल्बिओ शांतपणे म्हणाले. "थेंबनळीची. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." शेवटचे शब्द त्यांच्या तोंडून आपोआप गेले असावेत.

तपकिरी बाटली आणली. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात धरली, अर्क पातळ झाला, बाटलीत थोडासा ओतला, आणि आम्ही दोघं त्याच्याकडे कौतुकानं पाहत बसलो. गार झाल्यावर थेंबनळी दाबली. काही आलं नाही. एल्बिओंनी दाबली. त्यांच्या चेहऱ्यावर जोर दिसत होता, नळीत काहीच दिसत नव्हतं. बाटली तशीच झाकून ठेवली. दोन दिवसांनी पाहिलं तर नळीच्या टोकाचं रबर फुगून, मऊ होऊन, चघळलेल्या गोळीसारखं बाटलीच्या तोंडाला चिकटलेलं.

"रबर माझ्या ध्यानात आलं नाही," एल्बिओ म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मीच त्यांना कॉफी करून दिली. "अडतीस वर्षांत औषधानं बाटली खाल्लेली मी पाहिली नव्हती."

कागदावर लिहिलं: चार दिवस.

त्याच दिवशी मी लागवडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानाचा मालक पन्नाशीचा, मागे केसांची शेपटी बांधलेला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. पांढरा होत आलेला अंबाडा, काळा स्वेटर, खांद्याला पुस्तकांची पिशवी.

"बोला, बाई. टोमॅटोची रोपं बाहेर आहेत."

"मला भांडं हवंय. घट्ट अर्कासाठी. ठेवायला आणि न्यायला."

त्याची मुद्रा बदलली. तो गल्ल्याबाहेर आला, आवाज खाली आणला आणि अत्यंत आदरानं म्हणाला, "किती वर्षं करताय?"

"मी नाही करत. आईनं केलंय."

"वा!" तो म्हणाला. एका घराण्याची परंपरा डोळ्यांसमोर उभी असल्यासारखी त्यानं मान झुकवली. मग त्यानं सिलिकॉनच्या डब्या काढल्या. सिलिकॉनला काही चिकटत नाही, उलटं केलं की गोळा सुटून येतो, तुटत नाही, गळत नाही. साध्या गोल डब्या संपल्या होत्या. उरल्या होत्या त्यांत एक कवटी होती, एक अळंबी होती आणि एक हिरवा बेडूक. मृत्यूच्या घरात कवटी बरी दिसणार नाही, म्हणून मी बेडूक घेतला. तो पिशवीत टाकत असताना मालक सहज म्हणाला, "दोन दिवसांपुरता हं. महिनाभर ठेवलंत तर सिलिकॉन वास पितं. टिकवायचं तर काचच."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही भांडं मागितलंत, बाई. काचेची ती बरणी."

शब्दांच्या बाबतीत कुणी मला दुरुस्त करावं अशी वेळ सहसा येत नाही. मी काचेची बरणीही घेतली. तिचं झाकण दाबून फिरवायचं होतं, सुरक्षेसाठी. घरी येऊन मी ते दाबलं, फिरवलं, दाबत फिरवलं, फिरवत दाबलं. एल्बिओंनी टेबलाच्या कडेला धरून पाहिलं. दोन्या झुल्मा भिंतीला वळसा घालून खास आली, तिनं पदर असता तर खोचला असता अशा आवेशानं ती बरणी पोटाशी धरली, आणि हरली. आम्हा तिघांचे मिळून सहा धड हात होते. मावशीचे हात डोळ्यांसमोर आले आणि मी बरणी बेडकाशेजारी ठेवून दिली.

त्या संध्याकाळी मावशीचा पुन्हा फोन. "घाई नाही. सहा दिवसांचं आहे अजून."

मग एल्बिओ माळ्यावर चढले. दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी काही वस्तू आठवण म्हणून घरी आणल्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बारीक, लांब, तपकिरी काचेच्या नळ्या. तोंडाला खऱ्या बुचाची बुचं. "रबर नाही," ते म्हणाले. "प्लास्टिक नाही. दाबायचं नाही, फिरवायचं नाही. ओदिलाबाईंना दातानं ओढलं तरी निघेल." त्यांनी नळ्या उकळून, पुसून, उजेडात धरून पाहिल्या. वाटीत उरलं होतं ते सगळं त्या तीन नळ्यांत मावलं. बुचं बसवताना एल्बिओंचे ओठ हलत होते. बहुतेक ते प्रार्थना म्हणत असावेत, किंवा मात्रा.

भांड्याचा प्रश्न सुटला. म्हणजे निम्मा.

आमच्याकडे कुणी काही पाठवायचं म्हटलं की ते बसच्या पार्सल खिडकीवर देतात. चाकं, अंडी, लग्नाचा केक, सगळं तिथून जातं. मी खोकं घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज पुढे ओढला.

"आत काय?"

"घरगुती औषध."

"घट्ट की पातळ?"

मी खरं बोलायची चूक केली. "सध्या घट्ट."

पेन थांबलं. "सध्या म्हणजे?"

"थंडीत घट्ट असतं. ऊन लागलं की पातळ होतं."

"मेलोला पोचेल तेव्हा?"

"ते मेलोच्या हवेवर आहे."

"बाई, इथे दोनच रकाने आहेत. घट्टाला एक वेष्टन, पातळाला दुसरं."

"चिकट असं लिहा."

"चिकटाला रकाना नाही." त्या मागे वळून ओरडल्या, "रुबेन! चिकट आलंय!"

रुबेन आले. त्यांनी खोकं हुंगलं, आणि मग ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं तिच्यात दुकानदाराच्या नजरेतला आदर नव्हता. नोंदणी कार्यालयाचा कागद आणा, म्हणाले. मी रांगेतून बाजूला होऊन तिथूनच कार्यालयाला फोन लावला.

"नोंदणी कुणाच्या नावावर आहे?"

"आईच्या. निबिया ओलासाबाल."

"त्यांना द्या फोन."

"त्या वारल्या."

"अरेरे. मग नोंदणी रद्द करायला हवी. अर्जदारानं ओळखपत्र घेऊन स्वतः यायचं."

"अर्जदार म्हणजे आई."

"बरोबर."

"त्यांना यायला जमणार नाही."

"मग त्यांना लेखी कळवू द्या. सही मात्र त्यांचीच लागेल."

"आणि मला माझ्या नावावर नवीन नोंदणी करायची असेल तर?"

"त्या पत्त्यावर आधीची नोंदणी चालू आहे ना, बाई. त्यांनी ती रद्द केली की लगेच."

मी आभार मानले. का मानले ते मला अजून कळलेलं नाही. घरी परसात सहा रिकाम्या कुंड्या होत्या आणि सरकारच्या दृष्टीनं आई अजून त्यांना पाणी घालत होती. कार्यालयाचं हे मत मला तितकंसं चुकीचं वाटलं नाही, हीच अडचण होती.

तर मग स्वतः घेऊन जायचं. आणि इथे मला ती कल्पना सुचली. या सगळ्या प्रकरणातली ती एकमेव माझी, इतर कुणाची नव्हे, म्हणून तिच्याबद्दल मी सविस्तर लिहिणार नाही. आईचा स्टीलचा थर्मास. आत काळोख, आत हवा नाही, आत उष्णता शिरत नाही. एल्बिओंचे तिन्ही शत्रू दाराबाहेर. तीन नळ्या रुमालात घट्ट गुंडाळून उभ्या आत सरकवल्या, त्या तळाशी हलायच्या बंद झाल्या. शिवाय आमच्या देशात काखेत थर्मास धरलेल्या बाईकडे दुसऱ्यांदा कोण बघतं? आमच्या माणसाला जन्मतःच दोन काखा असतात, त्यातली एक थर्मासासाठी.

सकाळच्या बसमध्ये माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पिऊ नये अशी पाटी आहे. त्या पाटीखाली बसून सगळे माते पीत होते. पाला भरलेले मुठीएवढे पोकळ भोपळे, त्यात खोवलेल्या धातूच्या नळ्या, आणि प्रत्येकाच्या मांडीवर गरम पाण्याचा थर्मास. माझ्या शेजारी नेल्ली नावाच्या बाई होत्या, मेलोला सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या. मिनास गाव मागे पडलं तेव्हा त्यांनी आपला भोपळा माझ्यापुढे धरला.

"थोडं पाणी घालता का हो? माझं संपत आलंय."

"पाणी नाहीये."

त्यांनी माझ्या काखेतल्या थर्मासकडे पाहिलं. "संपलं?"

"नव्हतंच."

"आणि तुमचं माते?"

"आणलं नाही."

मागच्या बाकावरचे टोपीवाले गृहस्थ पुढे झुकले. "काय झालं?"

"या बाईंकडे थर्मास आहे आणि पाणी नाही."

"फुटलाय का?"

"नाही म्हणतात."

"मग धरलाय कशाला?"

"सवय," मी म्हणाले. सव्वीस वर्षं मी मुलांच्या थापा ऐकल्या आहेत, आणि इतकी वाईट थाप एकाही मुलानं मारलेली नाही. बातमी बाकाबाकानं पुढे गेली. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं. मी थर्मास छातीशी धरला आणि खिडकीबाहेरच्या गाई मोजू लागले.

बऱ्याच वेळानं नेल्लीबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "कोण गेलं हो तुमचं?"

मी गाई मोजायची थांबले.

"माझा नवरा गेला तेव्हा मी महिनाभर असाच रिकामा थर्मास घेऊन बाजारात जायचे," त्या म्हणाल्या. "भरायचा असतो हेच सुचायचं नाही."

"आई," मी म्हणाले.

पाच आठवड्यांत हा शब्द मी निरनिराळ्या अर्जांवर कितीदा तरी लिहिला होता. त्याला आवाज असतो हे ध्यानात राहिलं नव्हतं.

मग तीन दिशांनी भोपळे आले. टोपीवाल्यांचा, पुढच्या बाकावरच्या जोडप्याचा, नेल्लीबाईंचा तर होताच. नको म्हणणं शक्य नव्हतं आणि खरं तर नको नव्हतंच. मी चार माते प्यायले. त्यामुळे बस तेहेतीसला थांबली (तेहेतीस हे आमच्याकडे एका गावाचं नाव आहे, त्यात विनोद नाही) तेव्हा मला तातडीनं खाली उतरावं लागलं. थर्मास मी जागेवर स्वेटरखाली ठेवला. संडासात थर्मास घेऊन जाणाऱ्या बाईबद्दल बसमध्ये आणखी काय बोललं गेलं असतं, या भीतीनं ठेवला. स्वाभिमान ही फार महाग पडणारी गोष्ट आहे.

परत आले तर सगळी बस माझ्याकडे बघून हसत होती. चांगलं हसत होती. नेल्लीबाईंनी दोन्ही हातांनी थर्मास माझ्या मांडीवर ठेवला. तो जड होता.

"भरून आणला," त्या म्हणाल्या. "स्टँडवरच्या यंत्रातनं. ऊन ऊन आहे अगदी. आता नाही हो रिकामा राहायचा."

"नाणं मी टाकलं," टोपीवाले म्हणाले.

मला वाटतं मी हसले. बस सुटली. दोन-तीन मिनिटांनी माझ्या मांडीवर, थर्मासच्या पोटात, दबका आवाज झाला. टक्.

"काय वाजलं?"

"थर्मास बोलतोय," टोपीवाले म्हणाले.

टक्. मग बराच वेळ शांतता, इतकी की मी आशा धरली. एल्बिओंनी तिसरं बूच जरा जास्त दाबलं असेल, एक नळी राहिली असेल, एक नळी म्हणजे निदान ऑगस्टपर्यंत. टक्.

नेल्लीबाईंनी भोपळ्यातला जुना पाला फेकून नवा भरला, नीट कलता केला, धातूची नळी खोवली. "पहिला तुमच्या पाण्याचा. तुमच्या आईच्या नावानं. ओता."

"नाही," मी म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"देता येणार नाही."

"आम्ही भरून आणलेलं पाणी?"

"हो."

मी त्यांना काय सांगणार होते? त्या पाण्याचा एक घोट घेतला असता तर बाई सुनेचं बाळंतपण होऊन बारसं होईपर्यंत झोपल्या असत्या. आणि ओतलं असतं तर दर थेंबाबरोबर मावशीची एकेक रात्र त्या भोपळ्यात गेली असती. पाणी नसणं लोकांनी समजून घेतलं होतं. असून न देणं ही आमच्याकडे नुसती कंजुषी नव्हे. त्याला नाव नाही, कारण तसं कुणी करत नाही. पुढच्या जोडप्यानं मान फिरवली. टोपीवाल्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली. मागून कुणीतरी, फार हळूही नाही, म्हणालं, "मुलगी ही अशी. आई कशी होती देव जाणे."

"आई सगळ्यांना द्यायची," मी म्हणाले.

त्यानंतर मेलोपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही. शंभरेक किलोमीटर मी तो गरम थर्मास धरून बसले होते. उतरताना नेल्लीबाईंनी माझी पिशवी वरून काढून दिली, पण माझ्याकडे न बघता.

मावशी थांब्यावर उभी होती. या खेपेला ती खरंच टाटा करत होती.

तिच्या स्वयंपाकघरात मी टेबलावर थर्मास ठेवला आणि झाकण उघडलं. वाफ वर आली, आणि तिच्याबरोबर तो वास. मावशीनं डोळे मिटले. मी सगळं सांगितलं. डबा, रबर, बेडूक, बुचं, यंत्र. वाकून पाहिलं तर तीन बुचं वर तरंगत होती आणि काळा तवंग होता.

"किती गेलं?" मावशीनं विचारलं.

"सगळंच."

"पाणी ओतलंस कुठे?"

"नाही."

"थेंबभरही?"

"सगळ्या बसच्या शिव्या खाल्ल्या, पण ओतलं नाही."

"मग गेलं कुठे, बाळ? आतच आहे ते." ती खुर्चीवर बसली. बोटं टेबलावर ताशासारखी वाजत होती, ती तिनं मांडीखाली दाबली. "तुझी आई दर एप्रिलला फोन कानाला लावून हे काम करायची. दोन-दोन तास. मला सगळं तोंडपाठ आहे, फक्त हातांनी कधी केलं नाही. आधी गार कर. गार झालं की कडेला धरेल. मग पाणी फडक्यातनं काढायचं आणि कोमट ऑलिव्ह तेल घालायचं."

मी थर्मास फ्रीजमध्ये ठेवला. तासाभरानं पाहिला, पाणी ऊन. आणखी अर्ध्या तासानं पाहिला, पाणी ऊन.

"थर्मास आहे तो," मावशी म्हणाली. "झाकण लावून ठेवलास, इरिस?"

मी झाकण काढलं, बर्फ टाकला. पाणी गार झालं तेव्हा काळा थर आतल्या स्टीलला, नळ्यांना, रुमालाला, बुचांना जाऊन बसला होता. फडक्यातून पाणी काढलं, फडक्यावरचंही खरवडून आत टाकलं, कोमट तेल ओतलं, झाकण लावलं.

"आता हलवायचं," मावशी म्हणाली. "खूप वेळ. काळं सुटेपर्यंत."

मी दहा मिनिटं हलवला. हात बदलून पुन्हा दहा मिनिटं. सकाळपासून धरून धरून दंड भरून आले होते. मावशी एक बूच चोखत माझ्याकडे पाहत होती, चव घ्यायला म्हणून तिनं ते आधीच उचललं होतं.

"आण इकडे," ती म्हणाली.

"मावशी, नको. तुला—"

"आण म्हणते ना. सात वर्षं फुकट हलतायत. एक दिवस कामाला लागू देत."

मी थर्मास तिच्या दोन्ही हातांत दिला. तिला काही करावं लागलं नाही. तिनं तो नुसता मांडीवर धरला आणि आत तेल डुचमळायला लागलं, एका तालात, न थकता, मला जमलं नव्हतं इतकं छान. आम्ही दोघी हसलो. मग ती आईच्या लहानपणीचं काहीतरी सांगायला लागली, बदकांचं, ते सांगता सांगता तिचे शब्द लांबत गेले. बूच तिच्या गालात तसंच होतं. खिडकीतला उजेड ओट्यावरून खाली उतरला तेव्हा आतला आवाज मंद झाला, मग अधूनमधून यायला लागला, मग थांबला.

मी वर पाहिलं. मावशीची मान खांद्यावर कलली होती. हात थर्मासावर होते आणि हलत नव्हते. बुचानं झालं, की सहा दिवसांच्या काळजीनंतर माझ्या नुसत्या येण्यानं, ते मला सांगता येणार नाही. पुष्कळ दिवसांनी मी ते हात निवांत पडलेले पाहत होते. बोटं आईसारखीच होती.

काम अर्धंच झालं होतं. मी तिच्या गालातलं बूच काढलं, मांडीवरून थर्मास अलगद उचलला आणि पुढचं हलवायला बसले. वेगळे कष्ट पडले नाहीत. माझेही हात कापतच होते.